चार्ल्स हेन्री लँड : ओळखू येऊ नये म्हणून घडवलेला दात



दातांचे प्रकार शिकवताना आपण फळ्यावर चार चित्रं काढतो. पटाशीचे दात, सुळे, उपदाढा आणि दाढा. तेवढ्यात कुणीतरी हात वर करतंच आणि सांगतं, की माझ्या आजीच्या दाताला कॅप बसवली आहे. वर्गात हशा पिकतो आणि आपण पुढच्या मुद्द्याकडे वळतो. पण ही कॅप कोण बनवतं, कशाची बनवतं आणि ती शेजारच्या खऱ्या दातासारखी हुबेहूब कशी दिसते, हे सांगायचं राहूनच जातं. आज आपण ज्या माणसाने या कामाचा पाया घातला, त्याचं चरित्र पाहणार आहोत. दंतवैद्यकात पोर्सेलिनच्या कलेचे जनक म्हणून त्यांना ओळखतात. त्यांचं नाव चार्ल्स हेन्री लँड.

या चरित्राची एक गंमत आहे. लँड यांचं काम जितकं उत्तम होईल तितकं ते कुणाच्या लक्षात येणार नाही, असंच ते काम होतं. शिक्षकांना आणि आईवडिलांना हे वेगळं समजावून सांगायला नको!

बालपण आणि शिक्षण

लँड यांचा जन्म १८४७ साली कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात सिमको या गावी झाला. हॅमिल्टन शहर वसलं तेव्हा तिथे पहिल्यांदा येऊन राहिलेल्या कुटुंबांपैकी लँड हे एक घराणं. त्या काळात दंतवैद्य व्हायचं तर कॉलेजात गेलंच पाहिजे असं नव्हतं. एखाद्या अनुभवी दंतवैद्याकडे उमेदवारी करायची, त्याच्या हाताखाली हत्यारं धरायला शिकायचं, साचे काढायचे, भट्टीपाशी बसायचं. आपल्याकडे सुताराचा किंवा सोनाराचा मुलगा जसा शिकतो, अगदी तसंच. लँड यांनीही ओंटारिओत अशीच उमेदवारी केली.

पुढे ते अमेरिकेत शिकागोला गेले. १८७१ च्या ऑक्टोबरात शिकागोत प्रचंड आग लागली आणि शहराचा मोठा भाग जळून गेला. त्यानंतर लँड मिशिगन राज्यातल्या डेट्रॉईट शहरात आले आणि तिथलेच झाले. तिथेच त्यांचा संसार झाला, तिथेच दवाखाना आणि तिथेच प्रयोगशाळा.

त्या काळी दात कसे दुरुस्त करायचे?

लँड यांच्या कामाचं मोल कळायला हवं असेल तर त्या वेळची परिस्थिती समजून घ्यावी लागेल. दात किडला की तो उपटणं हाच बहुतेकांचा इलाज होता. ज्यांच्याकडे पैसे होते ते किडलेल्या जागी सोनं भरून घेत किंवा दातावर सोन्याचं टोपण बसवून घेत. सोनं टिकाऊ, यात शंकाच नाही. पण समोरच्या दातात सोनं चमकलं की माणूस हसला रे हसला की सगळ्यांचं लक्ष तिकडेच जाणार.

दुसरा उपाय म्हणजे दाताचा दिसणारा भाग हिरडीपाशी कापून टाकायचा आणि उरलेल्या मुळात खिळा बसवून त्यावर नकली दात लावायचा. म्हणजे दात वाचवण्यासाठी दातच कापायचा. लँड यांना हे पटत नव्हतं. जेवढा दात शिल्लक आहे तेवढा राखावा, त्याला फक्त वरून पातळ आवरण घालावं आणि ते आवरण दातासारखंच दिसावं, असा त्यांचा विचार होता. आज हा विचार साधा वाटतो. तेव्हा तो प्रत्यक्षात आणणं फार कठीण होतं.

चिनी मातीचे दात आधीही होते

आता कुणी विचारेल, की मातीचा दात ही कल्पना लँड यांचीच का? नाही. १७७४ च्या सुमारास फ्रान्समध्ये ड्युशातो नावाच्या एका औषधविक्रेत्याने स्वतःच्या हस्तिदंती कवळीला कंटाळून चिनी मातीची कवळी करून घेण्याचा खटाटोप केला. हस्तिदंताला डाग पडत, वास येई. चिनी मातीला तो त्रास नव्हता. पुढे द शेमाँ या दंतवैद्याने ही कल्पना पुढे नेली. एकोणिसाव्या शतकात तर कारखान्यात साच्यातून असे सुटे दात तयार होऊ लागले.

पण कारखान्यातला दात हा बाजारात मिळणाऱ्या तयार कपड्यासारखा असतो. त्यातल्या त्यात जवळचा निवडायचा आणि चालवून घ्यायचा. लँड यांना शिंप्याने माप घेऊन शिवावं तसं एका माणसाच्या, एकाच दातावर नेमकं बसणारं मातीचं आवरण हवं होतं. अडचण अशी की माती भट्टीत घातली की आकसते. कुंभाराला विचारा, तो सांगेल. ओल्या मडक्याचं आणि भाजलेल्या मडक्याचं माप कधीच एक नसतं. दाताच्या बाबतीत तर केसाएवढा फरकही चालत नाही.

वर्ख आणि भट्टी

यावर लँड यांनी काढलेला तोडगा फार सुंदर आहे. आपण मिठाईवरचा चांदीचा वर्ख पाहिलेला असतो. तसाच त्यांनी प्लॅटिनमचा अतिशय पातळ पत्रा घेतला. त्याची जाडी साधारण ०.०२५ मिलिमीटर. असे ४० पत्रे एकावर एक ठेवले तर कुठे १ मिलिमीटर होईल! दाताचा ठसा घेऊन त्याची प्रतिकृती करायची आणि त्या प्रतिकृतीवर हा पत्रा घासून घासून असा बसवायचा की दाताचा प्रत्येक उंचसखलपणा त्यावर उमटेल. मग त्या पत्र्याच्या टोपीवर पोर्सेलिनची पूड पाण्यात कालवून ब्रशने चढवायची आणि पत्र्यासकट भट्टीत घालायची.

प्लॅटिनमच का? कारण त्या वेळचं दातांचं पोर्सेलिन सुमारे १३०० अंश सेल्सिअसला भाजावं लागे. सोनं १०६४ अंशांनाच वितळतं. प्लॅटिनम मात्र १७६८ अंशांपर्यंत टिकून राहतं. शिवाय ते गंजत नाही, काळं पडत नाही आणि तापल्यावर जवळपास पोर्सेलिनइतकंच प्रसरण पावतं. भाजून झालं की आतला पत्रा चिमट्याने सोलून काढायचा. पत्रा निघून गेल्यावर जी बारीकशी फट उरते, तिथे सिमेंट भरून आवरण दातावर चिकटवायचं. म्हणजे ज्याच्या आधाराने दात उभा राहिला ते प्लॅटिनम शेवटी तोंडात नसतंच. बांधकामाचं सेंटरिंग जसं काढून टाकतात, तसंच हे.

भट्टीचाही प्रश्न होताच. धूर आणि काजळी लागली की पोर्सेलिनचा रंग बिघडे. लँड यांनी गॅसवर चालणाऱ्या भट्ट्यांवर बरंच काम केलं. १८८० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी वर्खावर पोर्सेलिन भाजण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. पुढे १९०३ मध्ये डेंटल कॉसमॉस या मासिकात त्यांनी पोर्सेलिनच्या कलेवर लेख लिहिले. संपूर्ण दाताला अंगरख्यासारखं झाकणाऱ्या या आवरणाला जॅकेट क्राऊन हे नाव पडलं.

दात खरा का वाटतो?

इथे थोडं थांबून आजच्या प्रयोगशाळेत डोकावू या, कारण लँड यांनी सुरू केलेलं काम किती बारकाईचं आहे ते तिथे नीट दिसतं.

आपण मुलांना सांगतो, की दात पांढरे असतात. आरशापुढे उजेडात उभं राहून नीट पाहा. दात एकरंगी नसतोच. हिरडीजवळ तो पिवळसर असतो, मधे थोडा उजळ आणि टोकाला किंचित निळसर, आरपार दिसेल असा. कारण दात हा दोन थरांचा बनलेला असतो. आतलं दंतिन पिवळसर आणि अपारदर्शक, तर वरचं एनॅमल दुधी काचेसारखं. उजेड एनॅमलमधून आत जातो, दंतिनावर पसरतो आणि परत येतो. दातातला जिवंतपणा तो हाच.

म्हणून डेंटल टेक्निशियन एकच पांढरी पूड वापरत नाही. आधी दंतिनाच्या रंगाचा थर, त्यावर एनॅमलचा पारदर्शक थर, मधे जागोजागी वेगळ्या छटा. या छटा धातूंच्या ऑक्साइडमुळे येतात. लोहाने तपकिरी, कोबाल्टने निळी. भाजताना माती आकसणार म्हणून दात मुद्दाम मोठा घडवायचा. चढवलेलं ओलं पोर्सेलिन हलकेच हलवून आतलं पाणी वर आणायचं आणि कागदाने टिपून घ्यायचं, नाहीतर आत बुडबुडे राहतात. मग भाजायचं, आकसलेली जागा पुन्हा भरायची, पुन्हा भाजायचं. शेवटी चकाकी आणायची.

दुसरी-तिसरीच्या शिक्षकांना आणखी एक गोष्ट नक्की माहीत असेल. दुधाचे दात पडून पुढचे नवे दात येतात तेव्हा त्यांची कड करवतीसारखी असते. तीन छोटे उंचवटे. काही पालक घाबरून विचारतातही, की दात असा का आला. ते नैसर्गिकच असतं आणि चावून चावून पुढे कड सरळ होते. पण वरची कड झिजली तरी आतल्या दंतिनात त्या तीन बोटांची सावली बऱ्याच जणांच्या दातात राहते. चांगला टेक्निशियन ती सावलीसुद्धा पोर्सेलिनच्या आत घडवतो. तरुण माणसाच्या दातावर अगदी बारीक आडव्या रेषा असतात, त्याही कोरतो. म्हाताऱ्या माणसाचा दात असेल तर झिजलेली कड आणि एखादी बारीक भेगही दाखवतो. नितळ, पांढराशुभ्र, निर्दोष दात केला तर तो लगेच नकली म्हणून ओळखू येतो.

रंग जुळवण्याचीही शिस्त आहे. तोंड बराच वेळ उघडं राहिलं की दात कोरडा पडतो आणि आहे त्यापेक्षा पांढरा दिसतो. म्हणून रंग कामाच्या सुरुवातीलाच पाहायचा. तो दिवसाच्या उजेडात पाहायचा, कारण ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात वेगळा दिसू शकतो. साडीला मॅचिंग ब्लाऊजपीस घेताना आपण दुकानाबाहेर येऊन का पाहतो, त्याचंच हे उत्तर.

पेटंटचं भांडण

आता लँड यांच्या आयुष्यातल्या कडू भागाकडे येऊ. त्यांनी आपल्या पद्धतीची पेटंटं घेतली आणि ज्याला ती वापरायची त्याने परवाना घ्यावा, असं धोरण ठेवलं. यावरून व्यवसायातले लोक त्यांच्यावर भयंकर नाराज झाले.

ही नाराजी समजून घ्यायची तर थोडं मागे जावं लागेल. त्याआधी अमेरिकेत कडक रबराच्या कवळ्यांचं पेटंट एका कंपनीकडे होतं. ती कंपनी प्रत्येक दंतवैद्याकडून परवान्याचे पैसे घेई आणि न देणाऱ्यावर खटले भरी. हा वाद इतका पेटला की १८७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका दंतवैद्याने त्या कंपनीच्या खजिनदाराला गोळी घालून ठार केलं. पेटंट हा शब्दच दंतवैद्यांना नकोसा झाला होता. रुग्णाच्या भल्याची गोष्ट कुणी कुलूपबंद करू नये, असं त्यांना वाटे. अशा वातावरणात लँड परवाने घेऊन उभे राहिले! व्यवसायातल्या संघटनांनी त्यांना दूर लोटलं. आपल्याच लोकांत ते कितीतरी वर्षं एकटे पडले.

चूक कुणाची? मला वाटतं, इथे घाईने निकाल देऊ नये. लँड यांनी वर्षानुवर्षं भट्टीपुढे घालवली होती, पदरचा पैसा घातला होता. त्याचं श्रेय आणि मोबदला मागणं गैर कसं म्हणणार? पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. विद्या अडवून ठेवली की ती हळू पसरते आणि तोवर दात उपटले जातच राहतात. वरच्या वर्गांत यावर चर्चा घेतली तर मुलं फार छान बोलतात. फक्त शेवटी आपण आपलं मत लादू नये.

एवढं मात्र खरं, की लोकांनी वाळीत टाकलं म्हणून लँड यांनी भट्टी विझवली नाही. ते काम करत राहिले.

मुलगी आणि नातू

लँड यांची मुलगी एव्हँजेलिन हिने त्या काळात मिशिगन विद्यापीठातून रसायनशास्त्राची पदवी घेतली आणि ती शिक्षिका झाली. तिची पहिली नोकरी मिनेसोटा राज्यातल्या लिटल फॉल्स गावी होती. तिथला एक किस्सा तिच्या मुलाच्या चरित्रात सांगितला जातो. हिवाळ्यात शाळेच्या वरच्या मजल्यावरची प्रयोगशाळा इतकी गारठून जाई, की तिथे शिकवणं अशक्य व्हायचं. एके दिवशी तिने सामान उचललं आणि ती खालच्या उबदार खोलीकडे निघाली. वाटेत वरिष्ठांनी अडवून सामान परत वर न्यायला सांगितलं. तिने सामान तिथेच खाली ठेवलं आणि नोकरी सोडून निघून गेली. बापाचा ताठ कणा मुलीत उतरला होता, असंच म्हणावं लागेल. पुढे अनेक वर्षं तिने डेट्रॉईटच्या कॅस टेक्निकल हायस्कूलमध्ये रसायनशास्त्र शिकवलं.

एव्हँजेलिनचा मुलगा ४ फेब्रुवारी १९०२ रोजी डेट्रॉईटला आजोळी जन्मला. त्याचं नाव चार्ल्स. आडनाव लिंडबर्ग. होय, १९२७ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कहून पॅरिसपर्यंत साडेतेहतीस तास एकट्याने न थांबता विमान चालवणारा तो हाच!

लहानपणी चार्ल्स आजोळी आला की आजोबांच्या प्रयोगशाळेत रमायचा. तिथे भट्ट्या, साचे, माती, धातू, बाटल्या. आजोबांनी त्याला दाराबाहेर ठेवलं नाही. हात लावू दिला, कालवू दिलं, प्रश्न विचारू दिले. शाळेत फारसा न रमणारा हा मुलगा पुढे मोठा झाल्यावर आपल्या लेखनात आजोबांच्या या प्रयोगशाळेची आठवण काढत राहिला. विज्ञानाची गोडी तिथेच लागली, असं तो मानत असे. १९३० च्या दशकात नोबेल विजेते डॉक्टर अलेक्सिस कॅरेल यांच्याबरोबर त्याने शरीराबाहेर काढलेला अवयव जिवंत ठेवण्यासाठी काचेचा पंप तयार केला. विमान चालवणाऱ्याने असा पंप घडवावा, याचं नवल वाटतं. पण आजोबांची खोली आठवली की ते नवल जरा कमी होतं. लिंडबर्गच्या पुढच्या राजकीय मतांवर टीकाही पुष्कळ झाली. तो वेगळा विषय आहे.

१९२२ साली लँड वारले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नातू आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसला होता. नातवाचा जगभर झालेला जयजयकार ऐकायला आजोबा राहिले नाहीत.

लँड यांच्यानंतर

जॅकेट क्राऊन दिसायला सुंदर, पण नाजूक. आतल्या बाजूने तडा जाऊन ते फुटे, म्हणून ते पुढच्या दातांनाच वापरत. ही कमतरता लपवण्यात अर्थ नाही. १९६० च्या दशकात धातूच्या टोपीवर पोर्सेलिन चढवण्याची पद्धत आली. ती मजबूत होती, पण धातू दिसू नये म्हणून त्यावर अपारदर्शक थर द्यावा लागे, त्यामुळे दातातून उजेड जात नसे. कधीकधी हिरडीच्या कडेला करडी रेषही दिसे. १९६५ मध्ये मॅक्लीन आणि ह्यूज यांनी पोर्सेलिनमध्ये ॲल्युमिना मिसळून धातूशिवायच ते मजबूत केलं. त्यानंतर काचेसारखे दाबून घडवलेले सिरॅमिक आणि झिर्कोनिया आलं. आज धातू नसलेली, पूर्ण सिरॅमिकची कॅप सगळीकडे मिळते. म्हणजे फिरून आपण लँड यांच्याच कल्पनेपाशी आलो.

यातून आपण काय घ्यायचं?

आपल्याकडे पुण्यात, मुंबईत किंवा जिल्ह्याच्या गावी दाताला कॅप बसवली तर ती बहुतेक वेळा डॉक्टरांनी स्वतः केलेली नसते. कुठल्यातरी प्रयोगशाळेत, दिव्याखाली मान वाकवून एका टेक्निशियनने ती घडवलेली असते. आपल्या १९४८ च्या दंतवैद्य कायद्यात हे काम करणाऱ्याला डेंटल मेकॅनिक असं नाव दिलं होतं. त्याने आपल्याला पाहिलेलंही नसतं. आपण हसतो तेव्हा कुणाला कळत नाही, की कोणता दात त्याने केला. कळलं तर त्याचं काम फसलं!

प्राथमिक शिक्षकाचं तरी वेगळं काय असतं? मूल वाचायला लागतं आणि मग जणू ते जन्मापासूनच वाचत होतं असं सगळ्यांना वाटतं. अक्षरं कुणी गिरवून घेतली ते कुणाला आठवत नाही. लँड यांनी श्रेय मागितलं, तेव्हा त्यांना रोष मिळाला. श्रेय मागू नये असं मी म्हणणार नाही. पण त्यांचं खरं मोठेपण पेटंटच्या कागदात नाही. ते वर्खावर ब्रशने चढवलेल्या थरांत आहे, आणि नातवासाठी उघड्या ठेवलेल्या दारात आहे.

वर्गात आणि घरी करता येईल असं काही

१. आरसा आणि उजेड : मुलांना खिडकीपाशी आरशात स्वतःचा पुढचा दात पाहायला सांगा. हिरडीजवळ, मधे आणि टोकाला कोणता रंग दिसतो ते वहीत रंगवू द्या. पांढरा खडू वापरायची बंदी!

२. माती आकसते का? : शाडूच्या मातीची बरोबर १० सेंटिमीटर लांबीची पट्टी करा. आठवडाभर सावलीत वाळवून पुन्हा मोजा. किती कमी झाली? १० सेंटिमीटर हवी असेल तर सुरुवातीला किती लांब करावी लागेल? चौथी-पाचवीला हे छान गणित होतं.

३. न दिसणारे हात : आज आपण वापरलेल्या पाच वस्तू लिहा आणि त्या कुणी बनवल्या असतील त्याचा शोध घ्या.

४. पालकांसाठी : तुमच्या कामाच्या जागी, शेतात, दुकानात, शिलाई मशीनपाशी मुलाला एक दिवस सोबत न्या. धोक्याच्या वस्तू बाजूला ठेवा आणि बाकीच्यांना हात लावू द्या.

चर्चेसाठी प्रश्न : एखाद्याने कष्टाने शोधलेली चांगली गोष्ट सगळ्यांना फुकट मिळावी, की शोधणाऱ्याला तिचा मोबदला मिळावा? दोन्ही बाजूंनी मुलांना बोलू द्या.

तुमच्या वर्गात शाडूची पट्टी किती आकसली ते नक्की कळवा. आकडे एकत्र करून तक्ता करू या.